विझलेल्या दिव्याचे बेट आणि प्रलंबित पोच

अर्जदार : मोरेश्वर भास्कर राऊत, धंदा अर्जलेखन व टंकलेखन, बैठक कोळगाव येथील शासकीय संकुलाच्या फाटकाबाहेर, राहणार पालघर.

सामनेवाले : श्री. प्रदीप सावे, पदविकाधारक, तारापूरच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक, राहणार बोईसर. नाते : अर्जदाराचे सख्खे मेहुणे.

साक्षीदार पहिली : सौ. शैला मोरेश्वर राऊत. अर्जदाराची पत्नी आणि सामनेवाल्यांची थोरली बहीण, म्हणजे दोन्ही बाजूंची.

साक्षीदार दुसरा : मुनाफ, अर्जदाराच्या शेजारचा झेरॉक्सवाला. कोणत्याच बाजूचा नाही, पण सर्व पाहिलेला.

कालावधी : गेल्या भाऊबीजेपासून यंदाच्या नवरात्रापर्यंत.

विषय : संगणकावरील जुना कोड्यांचा खेळ गाइड न पाहता पूर्ण केल्याबद्दल पोच मिळणेबाबत.

संपादक महोदय,

आपण दिवाळी अंकाकरिता माझ्या व्यवसायातील अनुभव मागविलेत. अर्जलेखकास अनुभव विचारणारे आपण पहिलेच. एरवी आम्हांस ‘लवकर होईल ना?’ एवढेच विचारले जाते. माझे बहुतेक आयुष्य दुसऱ्यांच्या वतीने लिहिण्यात गेले. ते क्रमवार सांगू लागलो तर आपला अंक पुरणार नाही. म्हणून मी गेल्या वर्षीचे एकच प्रकरण आपणांसमोर ठेवतो. वरवर पाहता ते खेळाचे आहे. परंतु माझा सगळा व्यवसाय त्यात आलेला आहे.

प्रथम वस्तुस्थिती. माझ्या टेबलावरील संगणक हा सामनेवाल्यांनीच दिलेला आहे. त्यांच्या कारखान्याच्या ऑफिसातून जुने संगणक निघाले, त्यांतील एक त्यांनी माझ्यासाठी आणला, आणि त्याबद्दल मी आजही ऋणी आहे. सदर संगणकात पूर्वीच्या कोणीतरी ठेवलेला एक खेळ होता. त्याचे नाव इंग्रजीत असून अर्थ ‘विझलेल्या दिव्याचे बेट’ असा होतो.

ज्यांस असे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. यात गोळीबार नाही, पळापळ नाही, घाई तर मुळीच नाही. पडद्यावर एक चित्र असते. माउसने चित्रातील वस्तूवर टिचकी मारली की ती उचलली जाते किंवा उघडते, किंवा हट्टाने बंदच राहते. उचललेली वस्तू आपल्या पिशवीत जाते. माणसावर टिचकी मारली की तो बोलतो, आणि आपण काय उत्तर द्यायचे याची काही वाक्ये खाली येतात, त्यांतून एक निवडायचे. कोणती वस्तू कोठे लावायची आणि कोणाला काय म्हणायचे, हे कोणी सांगत नाही. आमच्या खेळात समुद्रातले एक बेट आहे आणि त्यावरचे दीपगृह विझलेले आहे. आपण होडीतून उतरलेले अनोळखी माणूस. दिवा लावला की खेळ संपला.

अशा खेळांची गाइडेही असतात. शाळेत जशी धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे छापलेली गाइडे मिळत, तशीच ही इंटरनेटवर फुकट मिळतात. अमुक उचला, तमुक दाबा, पुढे चला.

गेल्या भाऊबीजेला सामनेवाले आमच्या घरी आले. ओवाळणी झाली, पाने वाढली गेली, आणि जेवता जेवता मी सहज म्हणालो की तुमच्या संगणकात हा दीपगृहाचा खेळ सापडला आहे, दुपारी बघतो थोडा. त्यावर ते हसले. हसू द्या, पण नंतर बोलले.

“भाऊजी, ते तुमचं काम नाही. तिथे डोकं लागतं. तुम्ही नमुने उतरवून काढता, नाव बदलता, झाला अर्ज. डिप्लोमाला असताना मी पूर्ण केलाय तो. गाइडशिवाय तुम्हाला धक्क्यावरून पुढे सरकता यायचं नाही.”

मी आठवीपर्यंत शिकलेला आहे. वडील गेल्यावर त्यांचा टाइपरायटर माझ्याकडे आला आणि शाळा तिथेच थांबली. ही गोष्ट सासरच्या मंडळींत सर्वांस ठाऊक आहे, परंतु ती पुरणपोळीबरोबर वाढण्याची गरज नसते. मी हातातला घास खाली ठेवला आणि जाहीर केले की सदर खेळ मी गाइड न पाहता, तो पूर्ण केलेल्या कोणासही न विचारता, शेवटपर्यंत नेईन.

“आणि नाही नेलात तर?” सामनेवाल्यांनी विचारले. “तुमच्या पाटीवरचा ‘विचारपूर्वक’ शब्द पुसा.”

माझ्या टपरीवर ‘सर्व प्रकारचे अर्ज विचारपूर्वक लिहून मिळतील’ अशी पाटी आहे. ती मी स्वतः रंगविलेली आहे. मी मान्य केले, आणि जिंकल्यास सामनेवाल्यांनी सर्व नातेवाइकांसमक्ष ‘भाऊजींस डोके आहे’ अशी लेखी पोच द्यावी, असे ठरले.

“सणाच्या दिवशी कसल्या पैजा लावताय?” शैला म्हणाली. तिचे कोणी ऐकले नाही. उलट मी सामनेवाल्यांच्या पदविकेविषयी एक वाक्य बोललो, जे येथे उद्धृत करीत नाही. ते पान तसेच टाकून उठले. त्यानंतर ते आमचा उंबरा चढले नाहीत.

आता पोच म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आमचा सारा धंदा तिच्यावर उभा आहे. अर्ज देताना त्याची दुसरी प्रत पुढे करायची आणि तीवर शिक्का घ्यायचा, ती पोच. अर्ज मंजूर होवो वा न होवो, आपण येऊन गेलो हे कोणास नाकारता येत नाही. दातिवऱ्याच्या हिराबाई एकदा एका खिडकीवरून तणतणत माझ्याकडे आल्या. “तो बोलतो उद्या या. माजी मासली उद्यापर्यंत बसून ऱ्हाते काय?” मी त्यांस म्हटले, भांडू नका. दुसरी प्रत पुढे करा आणि म्हणा, हरकत नाही, आज मी आले होते तेवढा शिक्का द्या. त्या गेल्या आणि शिक्का घेऊन आल्या. शिक्का मारणाऱ्यास मग तो अर्ज कोठेतरी पुढे पाठवावाच लागतो.

हे सांगण्याचे कारण असे की, खेळातल्या बेटावर उतरताच बंदराच्या कचेरीची खिडकी लागते, आणि तीमागचा कारकून म्हणतो, उद्या या. आपण बाहेर जाऊन परत आलो तरी उद्या या. मला तो पाहून घरच्यासारखे वाटले. मी त्याला धमकीचे वाक्य दिले नाही, विनवणीचेही नाही. खाली एक साधे वाक्य होते, ‘मी आलो होतो याची नोंद कराल का?’ ते मी निवडले. त्याने शिक्का मारलेला कागद दिला आणि त्या कागदावर बेटाच्या नगराध्यक्षाचे दार उघडले. मुनाफ मागे उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, “राऊतसाब, ये तो आपला रोजचा धंदाच हाय.”

आम्ही दुपारच्या सुट्टीतच खेळत असू. कार्यालय जेवायला गेले की गिऱ्हाईक थांबते. शैला डबा घेऊन येई आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसे. ती दहावी आहे आणि तिचे इंग्रजी बोलण्यातले आहे, माझे सरकारी. ‘अधोस्वाक्षरीकार’ याचे इंग्रजी मी झोपेतही सांगेन, परंतु त्या बेटावर एकही माणूस तसे बोलत नव्हता. त्यामुळे ती वाचे, अडल्यास शब्दकोश पाही, आणि मी निर्णय घेई.

पोच घ्यावी हा माझ्या धंद्यातला पहिला नियम; कोणतीही वस्तू टाकू नये हा दुसरा, आणि तो मला डोंगरपट्टीतल्या लखमादादांमुळे पक्का होता. हे गृहस्थ पावसाळा सरला की विटांच्या कामावर बाहेरगावी जातात, आणि जाण्याआधी काही ना काही अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. माझी पद्धत अशी की प्रथम गिऱ्हाइकाची पिशवी टेबलावर पूर्ण रिकामी करावयाची. त्यांच्या पिशवीतून कागदांबरोबर एकदा कापड नसलेल्या छत्रीची दांडी निघाली.

“ही कशाला आणलीत?” मी विचारले.

“टेकाया. तुमची लाईन केवडी आसते.”

त्या दिवसापासून कोणाच्या पिशवीतली कोणतीही वस्तू मी निरुपयोगी म्हटलेली नाही. बेटावरील विहिरीपाशी बूड नसलेली एक बादली पडलेली होती. शैला म्हणाली, ही नको, हिच्यात पाणी राहणार नाही. मी म्हटले, घेऊ. फुटका आरसा घेतला, मेणाचा गोळा घेतला, सुताची गुंडी घेतली. आमची पिशवी लखमादादांसारखी फुगली.

अशा रीतीने होळीपर्यंत आम्ही निम्म्याहून अधिक बेट पार केले. एका कप्तानाच्या विधवेची हरवलेली अंगठी शोधून दिली. बोकडाची समजूत काढली. ते कसे, हे मी सांगणार नाही, कारण सामनेवाले हा अंक वाचणार आहेत. शेवटी दीपगृहाच्या जिन्यावरचे शेवटचे दार आले, आणि तेथे आम्ही अडलो.

दारात एक झरोका आहे. त्यातून दिव्याचा म्हातारा राखणदार डोकावतो आणि विचारतो, “तुला कोणी पाठवले?” खाली चार वाक्ये येतात. नगराध्यक्षांनी पाठवले. कप्तानाच्या विधवेने पाठवले. बंदराच्या कारकुनाने पाठवले. आणि चौथे, ‘कोणीही नाही. मला दिवा लागलेला बघायचा आहे.’

मी नगराध्यक्षांचे नाव सांगितले. त्याने झरोका बंद केला. मी खाली उतरलो, नगराध्यक्षांकडून पत्र आणले, पुन्हा वर आलो. तो म्हणाला, असली पत्रे पुष्कळ पाहिली, आणि झरोका बंद. विधवेच्या नावाने, तिच्याकडून खूण म्हणून परत मागून आणलेली अंगठी दाखविली. बंद. कारकुनाच्या नावाने शिक्का दाखविला. बंद. पत्र आणि शिक्का एकत्र केले. आधी अंगठी मग पत्र, आधी पत्र मग अंगठी, सर्व क्रम लावून पाहिले. दर वेळी जिना पुन्हा चढायचा.

एकदा शैलाने चौथ्या वाक्याकडे बोट दाखविले. मी ते नामंजूर केले. माझे म्हणणे असे की, असल्या खेळांत एखादे वाक्य निव्वळ गमतीसाठी ठेवलेले असते. आणि कोणी पाठविले नाही म्हणणाऱ्यास कोणते दार उघडते? फाटकाबाहेर बसून मी रोज हेच शिकवितो. कोणाचे तरी नाव सांगा, कशाचा तरी संदर्भ द्या, नुसते ‘मला पाहिजे’ म्हणून चालत नाही.

उन्हाळा गेला, पाऊस आला. मुनाफ रोज विचारी, “राऊतसाब, बुढ्ढा माना क्या?” एकदा त्याने मोबाइलच पुढे केला, सगळे लिहिलेले आहे म्हणाला, एकदा डोळा टाका, कोणाला कळणार? मी त्यास मोबाइल खिशात ठेवण्यास सांगितले. त्याचे मला काही वाटले नाही. खरी परीक्षा राखीच्या दिवशी झाली.

सामनेवाले राखीस आले नाहीत. शिफ्ट आहे म्हणाले. पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये एक उमरोळी स्टेशन सोडले तर काही नाही, तरी शैलाने भावाची राखी कुरियरने पाठविली. दुपारी डबा ठेवून ती म्हणाली, “बघा ना त्या मोबाइलमध्ये. जिंकलात म्हणून फोन करा. पोच द्यायला तरी तो येईल घरी.”

इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे फारसे काही मागितलेले नाही. मी तिला म्हणालो, “खोट्या पोचेवर आलेला माणूस खोटाच बसेल, शैला. आणि मी त्याच्यासमोर बसणार आहे.”

दुसऱ्या दिवसापासून ती डबा ठेवून लगेच परत जाऊ लागली. रिकाम्या स्टुलाशेजारी मी एकटा जिना चढत असे. पाटीवरचा शब्द पुसण्यासाठी रॉकेलचा बोळा लागेल की पॉलिश पेपर, याचाही विचार मी एक-दोनदा केला, हे नमूद करतो.

याच सुमारास आम्हां फाटकाबाहेरील टपरीवाल्यांना पत्र्याच्या शेडखाली जागा मिळणार असे ठरले. ज्यांना जागा हवी त्यांनी अर्ज करावा. मग अर्ज कोण लिहिणार? मुनाफचा मी लिहिला, चहावाल्याचा लिहिला, चांभाराचा, नारळपाणीवाल्याचा, सगळ्यांचे लिहिले. प्रत्येकाची अडचण प्रत्येकाच्या तोंडी शोभेल अशी मांडली. आलेल्या अर्जांची यादी लागली, तीत सर्वांची नावे होती. माझे नव्हते.

मुनाफने यादी दोनदा वाचली. मग विचारले, “आप का अर्ज किसने लिखा?”

कोणीच लिहिला नव्हता. मी सर्वांसाठी लिहीत होतो, त्यात मीही आलोच, अशी माझी समजूत होती. सुदैवाने मुदत शिल्लक होती. मी कोरा कागद लावला आणि माझा पहिला अर्ज टाइप करावयास बसलो. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ येथपर्यंत आलो आणि थांबलो. पुढे ‘सदर अर्जदार’ लिहिले, खोडले. ‘अर्जलेखकांच्या वतीने’ लिहिले, तेही खोडले. इतक्या लोकांच्या तोंडचे शब्द मला सुचले, आणि स्वतःसाठी एक ओळ जुळेना. लखमादादा आपल्या अर्जासाठी समोर थांबलेले होते. शैला डबा ठेवून निघाली होती, तिने वळून कागदात पाहिले.

“अहो, कोणाच्या वतीने लिहिताय? जागा तुम्हाला हवी आहे ना? मग मला हवी आहे असं लिहा.”

मी लिहिले : ‘मी मोरेश्वर भास्कर राऊत. मला शेडखाली जागा हवी आहे.’ खाली सही केली. माझ्याच मजकुराखाली माझीच सही मी प्रथमच पाहत होतो. ती पाहता पाहता माझा हात सहीवरून उचलला गेला तो थेट माउसवर पडला.

सामनेवाले येथे हरकत घेतील की साक्षीदार पहिलीने मदत केली. ती हरकत टिकणारी नाही. साक्षीदार शेडबद्दल बोलत होती. बेटावर तिने ज्या दिवशी ते वाक्य दाखविले होते, त्या दिवशी ते मी रीतसर नामंजूर केलेले होते. आज मंजूर करणारा मीच.

“थांब,” मी तिला म्हणालो. “बस जरा.”

ती बसली. आम्ही जिना चढलो. म्हाताऱ्याने झरोका उघडला आणि विचारले, तुला कोणी पाठवले? मी चौथ्या वाक्यावर टिचकी मारली.

मग त्याचे वाक्य पडद्यावर आले आणि शैलाने ते वाचून मला सांगितले. “सगळे दुसऱ्याचा निरोप घेऊन आले. ज्याला स्वतःला उजेड हवा, असा तू पहिलाच.” आणि कडी निघाली.

पुढचे काम सरळ होते. मेण आणि सूत यांची वात झाली. फुटका आरसा वातीमागे लागला. वर वारा होता, वात टिकेना, तेव्हा मी पिशवीतून बूड नसलेली बादली काढून वातीभोवती उभी केली. शैलाने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. बादली बोलत होती. दिव्याचा झोत सबंध समुद्रावरून फिरला, आणि लांब कोठेतरी एका गलबताचा भोंगा वाजला.

मुनाफने झेरॉक्स मशीन चालू ठेवून टाळ्या वाजविल्या. चहावाला न सांगता चहा घेऊन आला. शैलाने पदराने डोळे पुसले आणि धूळ फार आहे इथे, असे म्हणाली. लखमादादा एवढा वेळ छत्रीच्या दांडीवर टेकून पडद्याकडे पाहत होते. ते म्हणाले, “लागला ना दिवा? ता आता माजा अर्ज ल्ह्या.”

मी लिहिला. तसा अर्ज मी पूर्वी लिहिलेला नव्हता. त्यांना काय पाहिजे ते पहिल्या ओळीत आले आणि संदर्भ मागाहून.

संध्याकाळी घरून सामनेवाल्यांस फोन केला. दिवा लागला, एवढेच सांगितले. ते म्हणाले, “म्हाताऱ्याला काय सांगितलंत?”

“चौथे वाक्य.”

“बरोबर. चौथाच आहे.”

“आणि त्यावर तो काय म्हणाला, प्रदीपराव?”

ते हळू आवाजात म्हणाले, “ते मी वाचलं नाही कधी. गाइडमध्ये नुसतं लिहिलं होतं, चौथा दाबा.”

म्हणजे सामनेवाल्यांनी आम्हांआधी दिवा लावला होता, परंतु त्या बेटावर ते कधी उतरलेच नव्हते. मी हे वाक्य तेव्हा बोललो नाही. फोनवर माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्यास तेथे बोलू नये. मी फक्त म्हाताऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि ‘ताईला सांगा, राखी मिळाली’ म्हणून फोन ठेवला.

माझ्या व्यवसायाबद्दल मला खंतही आहे. हल्ली लोक घरबसल्या मोबाइलवर अर्ज भरतात; त्यांत कोणी कोणाची पिशवी रिकामी करून पाहत नाही. माझ्यामागून या टेबलावर कोणी बसेल असे दिसत नाही. परंतु शेडखाली मला जागा मिळाली आहे, ती फाटकाच्या बाजूची आहे, आणि तेथे पाटी चढविताना ‘विचारपूर्वक’ हा शब्द मी पुन्हा रंगविला आहे. पूर्वीपेक्षा थोडा ठळक.

सणापुरता घरी आणलेल्या संगणकावर हा मजकूर टाइप होत असताना सामनेवाल्यांचा फोन आला. त्यांनी त्यांच्या घरच्या संगणकावर तोच खेळ पुन्हा सुरू केला आहे, या वेळी गाइड नाही.

“भाऊजी, तो खिडकीवाला उद्या या म्हणतो.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“त्याला साहेबाची धमकी दिली.”

“आणि?”

“उद्या या म्हणतो.”

मी त्यांस उत्तर सांगितले नाही, आणि ते त्यांनी मागितलेही नाही. आम्ही दोघे थोडे हसलो. शैला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

सबब, विनंती की :

सामनेवाल्यांकडून येणे असलेली ‘भाऊजींस डोके आहे’ ही पोच अद्याप प्रलंबित आहे. तीबाबत त्यांनी येत्या भाऊबीजेस पालघर येथे समक्ष हजर राहून खुलासा करावा. साक्षीदार पहिलीने तबक घासून ठेवले आहे, आणि त्यांचे अर्धे राहिलेले पान पुन्हा वाढण्यात येईल. पोच लेखी आणण्याची आवश्यकता नाही. सामनेवाले दारात उभे राहिले आणि कोणी पाठवले असे विचारल्यावर ‘कोणी नाही, मलाच यायचे होते’ एवढे म्हणाले, तर तेवढ्यावर शिक्का मारण्यास अर्जदार तयार आहे.

जेवणानंतर त्यांच्यासाठी अर्जदाराच्या संगणकाशेजारी स्टूल ठेवण्यात येईल. खिडकीवाल्याचे काय करायचे, ते मात्र त्यांचे त्यांनी पाहावे.

लवकर उत्तर यावे.

अर्जदार, स्वतःकरिता,
मोरेश्वर भास्कर राऊत